तांब्यातला पाऊस

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका खरा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर तो जिल्ह्याला परवडलाही नसता. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. गाव त्यांना तोंडावर आण्णा आणि पाठीमागे मिलिमीटर म्हणायचं. वडवणीच्या अलीकडे फाट्यावर उतरून अर्धा तास चाललं की त्यांचं गाव लागतं. गावात दुधाची सहकारी संस्था होती आणि दाजी तिचे सचिव होते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ दुधात डिग्रीची काचेची नळी सोडायची, ती कुठवर तरंगते ते एक डोळा बारीक करून बघायचं आणि जे दिसेल ते साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. मोठ्यानं सांगण्याची काही गरज नव्हती, पण दाजींच्या मते जे खरं आहे ते हळू बोललं की निम्मं खोटं होतं. संस्थेचे चेअरमन तात्या, म्हणजे गावातले सर्वांत मोठे जमीनदार आणि निवडणुकीच्या दिवसांत अख्ख्या सर्कलचे मालक. त्यांच्या घरची किटली आली तरी "पाणी हाय" हे शब्द त्याच पट्टीत उमटायचे. एकदा तात्या त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "आण्णा, आपल्या माणसाला तरी जरा दबक्या आवाजात सांगत जा." दाजी म्हणाले, "दबक्या आवाजानं डिग्री वाढत न्हाई, तात्या." तात्यांनी त्यांना काढलं मात्र नाही. आजूबाजूच्या गावांचं पातळ दूध बीडच्या दूध संघातून परत यायचं आणि या गावाचं कधी आलं नाही, हे तात्यांनाही ठाऊक होतं.

दूध मोजून झाल्यावर दिवसाचा जो वेळ उरायचा त्यात काय मोजावं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न एका दुष्काळाने सोडवला. त्या वर्षी एका साखर कारखान्याने आपला बेण्याचा मळा मोडला. ऊसच नाही तर बेणं कशाला जपायचं, असा हिशेब. मळ्यातलं सामान भंगारात निघालं आणि त्या ढिगात दाजींना एक पर्जन्यमापक सापडला. तांब्याचं नरसाळं, खाली नळकांडं, आत बाटली आणि पाणी मोजायचा रेघांचा काचेचा पेला. त्यांनी तो फडक्यात गुंडाळला आणि एस्टीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "काय हाय वो ते?" दाजी म्हणाले, "पाऊस मोजायचं यंत्र." कंडक्टरने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर करपलेल्या बाजरीची शेतं चालली होती. "मग याचं तिकीट नको," तो म्हणाला. "बेकार माणसाला आमी अर्ध्यात नेतो, ह्याला फुकट नेतो."

पर्जन्यमापक कुठेही ठेवून चालत नाही. आजूबाजूची भिंत, झाड, गोठा जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब तो असावा लागतो, नाहीतर वाऱ्याने पाऊस आडवा होतो आणि माप चुकतं. दाजींनी दोरी घेऊन दोन दिवस अंगण मोजलं आणि शास्त्राच्या कसोटीला उतरणारी अंगणात एकच जागा निघाली. नेमक्या त्याच जागेवर माझी बहीण, आमची आक्का, दर उन्हाळ्यात कुरडया आणि शेवया वाळत घालायची. दाजींनी तिथे खड्डा खणून यंत्र पक्कं केलं आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. आक्काने त्या उन्हाळ्यात कुरडया शेजारणीच्या अंगणात घातल्या आणि येईल त्या पाहुण्याला सांगितलं, "सवत आणली असती तर निदान दळायला तरी उपयोगी पडली असती."

सकाळचे साडेआठ ही दाजींची मोजण्याची वेळ. देशभर पाऊस त्याच वेळी मोजतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि देशात आपल्यामुळे घोटाळा नको असं त्यांना मनापासून वाटायचं. पावसाळ्यात मोजायचे ते समजू शकतं. हा माणूस मे महिन्यात, आभाळात बोटभर ढग नसताना, साडेआठला पायात चपला घालून कुंपण उघडायचा. नरसाळं काढायचा, बाटली उचलायचा, पेल्यावर उपडी करायचा, काही पडत नाही हे बघायचा, मग पेला डोळ्यासमोर धरून पुन्हा एकदा बघायचा आणि घरात येऊन जाड बांधणीच्या वहीत लिहायचा : शून्य. मी चौसाळ्याच्या शाळेत मराठी शिकवणारा मास्तर. शब्द वाया गेलेला मला चालतो, पण श्रम वाया गेलेले बघवत नाहीत. मी एकदा म्हणालो, "दाजी, न बघता लिहिलं तरी शून्यच येणार आहे." त्यांनी वहीवरून मान वर केली. "न बघता लिव्हलेलं शून्य आन बघून लिव्हलेलं शून्य, दोन्ही दिसायला सारखीच, मास्तर. पर एक अंदाज हाय आन एक माप हाय." पारावरची मंडळी मात्र एवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. दाजी समोरून निघाले की कुणीतरी हटकून विचारायचं, "आण्णा, आज किती शून्य पडलं?" दाजी न हसता सांगायचे, "एकच."

गावात पावसाची मापं वेगळी होती. टिपूस, शिडकावा, दोन बोटं ओल, वीतभर ओल, बांध फुटले. मिलिमीटर ही काय भानगड आहे ते दाजींनी पारावर बसून समजावलं होतं. "पडल्यालं पाणी जिरलं न्हाई, वाहिलं न्हाई, वाळलं न्हाई, तर जमिनीवर जेवढं उभं राहील तेवढं." एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "पर आण्णा, ते तर जिरतंय बी, वाहतंय बी आन वाळतंय बी." दाजी म्हणाले, "म्हणून तर बाटलीत धरायचं." म्हाताऱ्याला ते पटलं, निदान त्याने तंबाखू पुढे केली.

वहीतल्या नोंदी वाचण्यासारख्या होत्या. यंत्र अंगणात, आणि अंगण म्हटलं की घरातलं पाणी तिकडे उडणारच. दुसरा कुणी असता तर ते ओतून देऊन मोकळा झाला असता. दाजी लिहायचे : "बाटलीत चार मि.मी. आकाश निरभ्र. चौकशी चालू." दुसऱ्या दिवशी : "चौकशीअंती निष्पन्न की शेजारील सुनेने चूळ भरली. पाऊस शून्य समजावा." एका ठिकाणी : "सात मि.मी. पैकी पाऊस पाच, उर्वरित म्हैस अंग झटकून गेली." पाच आणि दोन कसे वेगळे केले हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला त्याच म्हशीशेजारी पेला धरून उभं केलं आणि तिच्या पाठीवर बादली ओतली. तिने कसं झटकलं आणि मला किती लागलं हे वहीत नाही, पण मला आठवतं.

पुढे त्यांनी उष्णता मोजायला दोन थर्मामीटर आणले. एक कोरडा, आणि दुसऱ्याच्या पायाला ओली चिंधी. दोघांत जेवढा फरक जास्त तेवढी हवा कोरडी. ते सावलीत पण मोकळ्या हवेत राहावेत म्हणून टोमॅटोच्या पेटीच्या फळ्या तिरप्या ठोकून चार पायांचं एक खोकं केलं आणि त्याला चुना दिला. चुना दिलेलं, चार पायांवर उभं, आत कायतरी चकाकतंय आणि एक माणूस रोज ठरल्या वेळी समोर वाकतोय, एवढं बघितल्यावर गावातल्या बायांनी जे करायचं तेच केलं. आठवड्याभरात खोक्यावर हळदकुंकू दिसलं. दाजींनी ते पुसलं नाही. फक्त एका मंगळवारी वहीत लिहिलं : "उदबत्तीमुळे अर्धा अंश जास्त." वाऱ्याची दिशा कळावी म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून फिरतं पातं केलं. त्यांना चित्र एकच काढता यायचं, म्हशीचं, म्हणून पात्याची म्हैस झाली. वारा येईल तिकडे तिचं तोंड वळायचं. त्यावर पारावर मोठा वाद झाला, कारण म्हैस कधी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दाजींनी दोन दिवस गोठ्यात बसून बघितलं, तक्रार मान्य केली आणि पत्र्याची म्हैस उलटी ठोकली.

लोकांना मात्र त्यांच्याकडून हवं होतं ते निराळंच. "आण्णा, पाऊस कधी येतोय?" याला त्यांचं उत्तर ठरलेलं. "येणारा भटजीला विचारा. आलेला मला विचारा." पंचांगावर त्यांचा राग नव्हता. प्रत्येक नक्षत्राचं वाहन ते वहीत एका रकान्यात लिहायचे आणि शेजारच्या रकान्यात पडलेला पाऊस. अकरा वर्षांच्या बेरजेवरून गाढवाने बेडकाला मागे टाकलं आहे, हे त्यांनी भर कीर्तनानंतर जाहीर केलं आणि महाराजांचा चहा थंड झाला. लग्नाची तारीख घेऊन कुणी आलं की ते वही उघडायचे. "या तारखेला अकरात तीनदा पडलाय. आता तुमी आन तुमचं नशीब." आणि माझ्या लग्नात? सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात हा माणूस अक्षता पडून पंगत बसल्यावर पोचला. साडेआठचं माप घेतल्याशिवाय निघता येत नव्हतं आणि बीडला गाडी बदलावी लागते. आहेर म्हणून थर्मामीटर आणला होता. मी रागावलो तेव्हा म्हणाले, "एक दिस चुकला की मागलं समदं वाया जातंय, मास्तर."

एकदाच त्यांना मुक्कामाला बीडला राहावं लागलं, दूध संघाच्या सभेसाठी. माप आक्कावर सोपवलं. आक्का शाळेत गेलेली नाही. दाजींनी तिला आकडे शिकवायचा एकदा प्रयत्न केला होता आणि ती शून्यावर थांबली. "भाकरीवाणी गोल असंल तर येतंय, बाकीचं वाकडंतिकडं मला न्हाई जमायचं." त्या रात्री नेमका पाऊस झाला. दाजींनी परत येऊन विचारलं, किती? आक्काने पेल्याला अंगठा लावून दाखवला : एवढा. वहीत नोंद आहे : "पाऊस एक अंगठा (घरचा). अंगठा मोजता साडेनऊ मि.मी."

आता त्या वर्षाचं सांगतो. मृग कोरडा गेला. मग पेरणीपुरता एक शिडकावा झाला, लोकांनी घरातलं होतं नव्हतं ते मातीत टाकलं, उगवलं आणि दोन पानांवर करपलं. दाजींच्या वहीत पानामागून पान शून्यं. पोळा झाला तेव्हा बैलांना नैवेद्य दाखवला, पण पुढ्यात टाकायला वैरण नव्हती. कडबा कुणाच्या गंजीला उरला नव्हता. आजूबाजूला जनावरांच्या छावण्या सुरू होत होत्या. या गावाला छावणी मिळेना, कारण सरकारदरबारी या गावाचा पाऊस म्हणजे महसूल मंडळाच्या गावी सरकारी यंत्रात मोजलेला पाऊस. ते गाव दहा-बारा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत, आणि तिथे दोन चांगले पाऊस पडून गेले होते. पाऊस पडला तिकडे आणि कागदावर लागला इकडे, असा प्रकार. तेव्हा तात्यांना दाजींची वही आठवली. संस्थेच्या आवारात छावणी चालवायची, संस्थेनेच ती सांभाळायची, असा अर्ज झाला आणि सोबत पुरावा म्हणून मिलिमीटरची वही. ज्या पारावर शून्याची थट्टा व्हायची तिथेच लोक दाजींना उठून जागा देऊ लागले. गुरुवारी तालुक्याचे साहेब वही बघायला येणार होते.

आक्काच्या दोन म्हशी होत्या. आमच्या वडिलांनी तिला लग्नात जी म्हैस दिली तिची नात चंद्री, आणि चंद्रीची लेक. वडील गेले, आमचं घर वाटण्यांत गेलं, आणि माहेरचं म्हणून आक्काजवळ एवढंच उरलं होतं. ती पहाटे उठून लिंबाचा पाला ओरबाडून त्यांना घालायची. आणखी महिनाभर छावणी आली नाही तर बाजार, हे तिला दिसत होतं. रविवारी तात्या दाजींच्या ओट्यावर बसून बोलले ते तिने दारामागून ऐकलं. "आता गुरुवारपत्तोर एक थेंब पडू नये. पडला की साहेब म्हणतील, पडतोय की तुमच्याकडं." सारा पावसाळा ज्या गावाने आभाळाकडे बघत काढला, ते गाव चार दिवस पाऊस येऊ नये म्हणून आभाळाकडे बघत बसलं.

मी मंगळवारी महालक्ष्म्यांच्या जेवणासाठी तिथे पोचलो. त्याच रात्री पाऊस झाला. मी सोप्यात झोपलो होतो, पत्र्याच्या आवाजाने कूस बदलली एवढंच मला आठवतं. सकाळी अंगण ओलं होतं आणि माणसं एकमेकांची नजर चुकवत होती. साडेआठला दाजींनी कुंपण उघडलं, बाटली काढली, पेल्यावर उपडी केली. एक थेंब पडला नाही. त्यांनी बाटली उन्हात धरून बघितली, नरसाळ्यात बोट फिरवलं, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि पायरीवर येऊन बसले. "जमीन ओली, बाटली कोरडी," एवढंच म्हणाले. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं, पण चौकशी केल्याशिवाय निष्कर्ष काढायची त्यांना सवय नव्हती.

निष्कर्ष काढून दिला तो मी. मला तहान लागली म्हणून स्वयंपाकघरात गेलो. आक्का पुरण वाटत होती. रांजणापासून जरा बाजूला, कोनाड्यात, एक तांब्या ताटली झाकून ठेवलेला होता. मी तो उचलला. "त्याला हात लावू नको रे," आक्का म्हणाली. नेहमीसारखं म्हणाली असती तर काही झालं नसतं. तिचा आवाज फाटला. मी तांब्या हातात घेऊन वळलो तर दारात दाजी, हातात ती रिकामी बाटली.

"काय हाय त्यात?"

"पाणी," आक्का म्हणाली.

"कसलं?"

आक्का पुन्हा पुरण वाटू लागली. दाजींनी माझ्या हातून तांब्या घेतला, पेला आणला आणि आम्हा दोघांसमोर मोजायला बसले. पेला दोनदा वरच्या रेघेपर्यंत भरला, वीस आणि वीस, आणि तिसऱ्यांदा तळाशी एक. मग त्यांनी जे विचारलं ते जगातल्या दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने अशा वेळी विचारलं नसतं.

"वतताना सांडलं व्हतं का काय?"

"एक थेंब सांडला न्हाई," आक्का म्हणाली, आणि तेवढ्या वेळापुरती तिची मान ताठ होती.

"मग फेकून का न्हाई दिलंस? मला कवाच कळलं नसतं."

"पाणी हाय ते. असल्या सालात पाणी फेकू व्हय मी?"

तांब्यात साऱ्या वर्षाचं दुर्दैव भरून ठेवलं होतं आणि तिने त्यावर धूळ पडू नये म्हणून ताटली झाकली होती. मला त्या दोघांचं एकदमच वाईट वाटलं. दाजी उठले आणि वही घेतली.

"लिव्हा," आक्का मागून म्हणाली. "आन म्हशीस्नी वाचून दावा."

त्यांनी लिहिलं. तात्यांना कळायला तासही लागला नाही, ते सोवळ्यातच धावत आले. रागावले नाहीत, फार गोड बोलले, आणि तेच जास्त अवघड असतं. "आण्णा, भुईला भेगा इतक्या हायेत की दुपारपत्तोर ओलीचा मागमूस ऱ्हायचा न्हाई. तुमची वही सोडली तर ह्या पावसाला साक्षीदार कोण हाय?"

"कुणीच न्हाई," दाजी म्हणाले. "म्हणून तर लिव्हावं लागतंय." आणि थोडं थांबून, "आज ह्ये एक्केचाळीस खोडलं, तर मागली अकरा वर्षं मी सोताच कशी खरी मानू, तात्या?"

त्या दिवशी महालक्ष्म्यांपुढे सोळा भाज्या होत्या आणि घरात कुणी कुणाशी बोललं नाही. दाजी पारावरून गेले तर कुणी शून्य विचारलं नाही. ती थट्टा बंद झाली हे त्यांना लागलं, मला ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं.

गुरुवारी साहेब आले. तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, घाईत. संस्थेच्या ओट्यावर सारं गाव उभं. मीही शाळेला रजा टाकून थांबलो होतो. साहेबांनी वही मागून चाळायला घेतली, मग अर्ध्यातून थांबून पुढून वाचायला लागले. चूळ भरणारी सून आली तेव्हा हसले. म्हैस झटकून गेली तेव्हा शिपायाला वाचून दाखवलं. उदबत्तीच्या अर्ध्या अंशाला त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग शून्यांची पानं आली आणि त्यांचं बोट एकेका तारखेवरून सावकाश फिरू लागलं. शेवटच्या पानावर आले आणि ती नोंद त्यांनी मोठ्याने वाचली : "पाऊस एक्केचाळीस मि.मी. तांब्यातून मोजला. बाटली पहाटे पत्नीने रिकामी केली. कारण म्हशी. सांडलवंड नाही."

आक्का संस्थेच्या दारात चहाची किटली घेऊन उभी होती. साहेबांनी विचारलं, "बाई, हे खरं आहे?"

आक्का म्हणाली, "त्या वहीत समदं खरंच हाय सायेब. त्येच तर वाईट हाय."

साहेबांनी वही मिटली नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि अंगावर शर्ट घामाने चिकटेपर्यंत बसून त्या सालची शून्यं एकेक करून आपल्या कागदावर उतरवली. एक्केचाळीस पण उतरवले. उठताना तात्यांना म्हणाले, "पाऊस लपवणारी गावं मी या महिन्यात पुष्कळ बघितली. स्वतःच्या बायकोला धरून देणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला. मी शिफारस करतो."

त्यांनी केलीही. पण शिफारस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि म्हैस तोवर उभी राहत नाही. छावणी सुरू व्हायला दीड महिना लागला. त्या एक्केचाळीसमुळे उशीर झाला की होणारच होता, हे मला आजही सांगता येत नाही. दाजींनाही सांगता यायचं नाही, आणि ज्याचं माप घेता येत नाही अशी ती एकच गोष्ट त्यांच्या मनात कायमची राहिली. मधल्या दिवसांत चंद्रीच्या लेकीला त्यांनी स्वतः वडवणीच्या बाजाराला नेलं. वहीत त्या तारखेला शेऱ्याच्या रकान्यात आहे : "चंद्रीची लेक बाजारात. पाऊस शून्य." चंद्री तेवढी छावणीत जगली, आणि गावातली बाकीची चारशेक जनावरंही. पारावर शून्याची चौकशी पुन्हा सुरू झाली. आक्का मात्र दाजींशी बोलत नव्हती. वाढायची, कपडे द्यायची, आजारपणात कपाळावर हात ठेवायची, पण बोलायची नाही.

पुढल्या साली मृगात पाऊस आला. दाजींनी साडेआठला मोजला, लिहिला, आणि रोज पेल्यातलं पाणी ते कुंपणाबाहेर टाकायचे तसं टाकलं नाही. तोच तांब्या घेतला, त्यात ओतला आणि चुलीजवळ नेऊन ठेवला. "तुझं," म्हणाले. आक्काने तांब्याकडे बघितलं, मग उठून ते पाणी चंद्रीच्या घमेल्यात ओतून आली आणि म्हणाली, "लई न्हाई पडला." नऊ महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली होती. तेव्हापासून तो रिवाजच झाला. मोजलेला पाऊस तांब्यातून घरात यायचा, आणि आक्का तो कधी म्हशीला, कधी तुळशीला घालायची.

दाजी मागच्या साली माघात गेले, पहाटेच. आम्ही अंत्ययात्रेसाठी बीडहून येणाऱ्या नातेवाइकांची वाट बघत बसलो होतो. आक्का कोपऱ्यात होती. मध्येच ती उठली आणि बाहेर अंगणात गेली. मी मागे निघालो तर बाया म्हणाल्या, जाऊ द्या, मोकळं रडू द्या तिला. ती थोड्या वेळाने आली आणि पुन्हा जागेवर बसली.

त्यानंतर घर आणि शाळा यांत मला तिकडे राहायला जमलंच नाही. दिवसकार्याला आणि वर्षश्राद्धाला गेलो ते उभ्या उभ्या. यंदा मात्र श्रावणात चार दिवस काढून गेलो. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर कोनाड्यात चार तांबे ओळीने, प्रत्येकावर ताटली. प्रत्येकाखाली कॅलेंडरचा तारखेचा चौकोन कापून ठेवलेला. मी काही विचारायच्या आत आक्का म्हणाली, "ह्या सालचा पाऊस हाय. रेघा मला दिसत न्हाईत. तेवढं मोजून लिही." मागच्या सालचा? तो तिने शेजारच्या सुनेकडून लिहवून घेतला होता, त्याच चूळ भरणारीकडून. यंदा ती सून उसाच्या टोळीबरोबर गेली ती तिकडेच राहिली, म्हणून पाऊस माझ्यासाठी थांबला होता.

"आणि बाकीचे दिवस?" मी विचारलं.

"ते येतंय की मला."

मी वही उघडली. दाजींचं बारीक, उभं अक्षर एका तारखेपाशी संपलं होतं आणि तिथून पुढे पेन्सिलीची शून्यं सुरू झाली होती. रकान्यात न मावणारी, वेडीवाकडी, भाकरीएवढी. पान भरून, मग पुढचं पान भरून, सबंध उन्हाळाभर. मध्ये कुठे कुठे सुनेच्या अक्षरात आकडे, यंदाच्या पानावर चार जागा मोकळ्या, आणि पुन्हा शून्यं. मी मागे गेलो आणि तिच्या हातचं पहिलं शून्य शोधलं. ती तारीख मला वहीत बघायची गरज नव्हती. ती माघातली होती.

"आक्का, त्या दिवशीसुद्धा?"

"मग? एक दिस चुकला की मागलं समदं वाया जातंय, असं म्हणायचे ते." तिने पदराने काचेचा पेला पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. "बाटली काढून बगितली व्हती मी. अंदाजानं न्हाई लिव्हलं."

मी पहिल्या तांब्यावरची ताटली उचलली.